तात्यांचे पंधराशे रुपये

सांगलीजवळच्या एका वृद्धाश्रमात मी परिचारिका आहे. आमच्याकडच्या बऱ्याच आजी-आजोबांना श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळतात. जुलै 2023 पासून महिन्याला 1500 रुपये, ज्याच्या त्याच्या खात्यावर. राहणं-खाणं संस्था बघते, म्हणून हा पैसा म्हणजे त्यांचा हातखर्च. कुणी नातवाला खाऊला देतं, कुणी मिश्री आणवतं, कुणी नुसतंच उशीखाली ठेवून मोजत बसतं. मोजू दे की. त्यांचाच आहे तो.

तात्यांची (नाव बदललंय) सगळी उमेद मार्केट यार्डात हळदीची पोती वाहण्यात गेली. बोटांचे ठसे इतके झिजलेत की पैसे काढताना मशीनवर अंगठा उठतच नाही. पोस्टमन बिचारा बोट ओल्या फडक्यानं पुसून घेतो, मग तर्जनी, मग मधलं बोट, असं करत एकदाचं जमतं. पैसे हातात आले की तात्या त्यातून न्हाव्याचे, लेकीला फोन करायच्या रिचार्जचे आणि बिडीच्या बंडलांचे वेगळे काढायचे. दम्यासारखा जुना आजार, फुप्फुसं पार थकलेली. बिडी सोडा म्हणून मी कायम त्यांच्या मागे असायची.

मध्यंतरी न्हाणीघरात बिडीचा वास आला. पलीकडच्याच खोलीत एका आजोबांना ऑक्सिजनचं मशीन लावलेलं असतं. ऑक्सिजनजवळ ठिणगी पडली तर अंथरूण बघता बघता पेटतं, त्यामुळे व्यवस्थापनाची भीती रास्तच होती. पण उपाय काय काढला, तर सगळ्यांची पासबुकं ऑफिसच्या कपाटात. काय हवं ते ऑफिस आणून देईल. बिडी आणि मिश्री बंद. मला हे पटलं नाही, तेव्हाही मी तसं बोलले. न्हाणीघरात बिडी ओढणं थांबवायचं होतं, तर गंगूआजींचं पासबुक कशाला घेतलं? त्यांनी कुणाचं काय जाळलं होतं?

काही दिवसांनी सकाळी औषधं द्यायला गेले तर तात्या भिंतीला टेकून बसलेले. हात थरथरत होते, चहा बशीत सांडत होता. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, दोनदा उलटी झालेली. नाडी धावत होती. ‘तलफ आहे, दोन दिवसांत उतरेल,’ असं एक जण म्हणालाही. मला ते काही खरं वाटेना. बिडीची तलफ आली की तात्या चिडचिड करतात, पण असं थरथरताना त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. रिक्षा बोलावली आणि त्यांना घेऊन मिरज गाठली.

डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “बिडी कधी बंद केली?” तात्यांना धाप लागू नये म्हणून थिओफिलिनची गोळी चालू होती. बिडीच्या धुरानं हे औषध शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. बिडी एकदम थांबली की तोच डोस अंगात साचत जातो. मळमळ, धडधड, थरथर, झोप उडणं, सगळं त्यातलंच. वेळेत आलात म्हणाले. रक्त तपासायला पाठवलं, गोळी थांबवली आणि तात्यांना ठेवून घेतलं.

संध्याकाळी जरा हुशारी आल्यावर मी म्हटलं, “तात्या, आता सुटलीच आहे तर सोडूनच टाका. डॉक्टर मदत करतील.”

“सोडायची का न्हाई ते मी ठरवीन, बाई,” तात्या म्हणाले. “आधी माजं पैसं माज्या हातात द्या. आयुष्यभर पोती व्हायली, कुणाम्होरं हात पसरला न्हाई. आता दाढीला धा रुपयं मागायला हापिसात जायचं व्हय?”

मला त्यावर बोलायला काही उरलं नाही. तंबाखूचं व्यसन वाईट, यात शंकाच नाही. पण शुद्धीवर असलेल्या माणसाचा पैसा अडवून त्याचं व्यसन सोडवायचा हक्क आपल्याला कुणी दिला? आणि सोडवायचंच असेल तर आधी डॉक्टरांना विचारायला नको? औषधं बघायला नकोत?

परत आल्यावर डॉक्टरांचा कागद घेऊन मी ऑफिसात बसले आणि तात्यांचं पासबुक मिळाल्याशिवाय उठले नाही. आता काडेपेटी ऑफिसात राहते, ओढायचं ते मागच्या अंगणात, ऑक्सिजनच्या खोलीपासून लांब. कुणी तंबाखू कमी केली, सोडली किंवा पुन्हा धरली, की ते औषधांच्या वहीत लिहायचं आणि डॉक्टरांना कळवायचं, हे मी सगळ्यांना बजावलंय. तात्या सध्या दिवसाला एखाद-दुसरी ओढतात. मी अजून मागे लागतेच, आणि ते अजून ऐकून घेतात.

गंगूआजींचं आणि बाकीच्यांचं पासबुक मात्र अजून कपाटातच आहे. त्यासाठी प्रत्येकाच्या सही-अंगठ्यानिशी लेखी अर्ज दिलाय. आजींनी त्यावर अंगठा दिला नाही, सही केली. चौथीपर्यंत शिकल्या आहेत त्या.