आधी जादुओंग, मग पाळक

केनियातल्या किसुमूहून पश्चिमेला निघालं की किसियानला रस्ता फुटतो. एक फाटा मासेनोला, दुसरा बोंडोला. मासेनोला अँग्लिकन मिशनने 1906 मध्ये शाळा काढली. त्याच वर्षी व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिण काठावर गेंडियाला ॲडव्हेंटिस्ट मिशन उभं राहिलं. म्हणजे लुओ या इथल्या समाजाच्या मुलखात चर्च रुजून शतक उलटून गेलं. तरी बोंडोच्या रस्त्याने कुठल्याही वाडीत शिरा, माणसाला कुठे पुरायचं हे आजही गावातले वडीलधारे सांगतात. लुओ भाषेत त्यांना जादुओंग म्हणतात, अनेकवचनी जोदोंगो.

त्यांचा शब्द का चालतो, हे समजायला वाडी नीट बघावी. तिला म्हणतात दाला. कुंपणाच्या फाटकासमोर, अगदी वरच्या अंगाला पहिल्या बायकोचं, म्हणजे मिकायीचं घर. धाकट्या बायकांची घरं तिच्या दोन बाजूंना आणि मुलांच्या झोपड्या खाली फाटकाजवळ. या झोपडीला सिंबा म्हणतात. मुलगा कर्ता झाला की बापाच्या वाडीतून निघून स्वतःची दाला मांडतो. भल्या पहाटे बाप, मुलगा, सून आणि थोरला नातू नव्या जागेवर जातात. बरोबर कोंबडा, कुऱ्हाड आणि विस्तव. पहिलं घर त्याच दिवशी उभं करायचं. बाप हयात नसेल तर भावकीतला चुलता हवाच. थोरल्याच्या आधी धाकट्याने दाला मांडली तर तो क्वेर, म्हणजे निषेध मोडला, आणि त्यातून चिरा लागतो असं मानतात. चिरा म्हणजे माणूस वाळत, खंगत जातो. त्यावर मान्यासी नावाचं झाडपाल्याचं औषध देतात. एड्सच्या साथीत हाच घोळ जिवावर बेतला. वजन उतरलं की घरचे चिरा समजायचे आणि दवाखाना लांबायचा. माझ्या मते पाळकांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं, खरं काम इथे आहे. ‘प्रार्थनाही करू, पण आधी रक्त तपासून घे’ असं जो पाळक जादुओंगच्या शेजारी बसून सांगतो, त्याचं लोक ऐकतात.

शहरात बांधलेलं घर म्हणजे नुसतं ओत, राहायची इमारत. विधी करून मांडलेली तीच दाला. हा फरक 1987 साली थेट न्यायालयात लढला गेला. वकील एस. एम. ओतिएनो 20 डिसेंबर 1986 ला वारले. किकुयू समाजातल्या त्यांच्या पत्नी वांबुई यांना दफन नैरोबीजवळ हवं होतं, तर उमिरा कागेर भावकीला सियायातल्या न्यालगुंगा गावी. नवरा शिकलेला, ख्रिस्ती, शहरी, हा वांबुईंचा मुद्दा टिकला नाही. पाच महिन्यांनी, 23 मे 1987 ला दफन न्यालगुंगालाच झालं. वांबुई गेल्या नाहीत.

अंत्यविधीला जायची वेळ आली तर क्रम माहीत असावा. शव बहुधा आदल्या दिवशी घरी येतं, रात्रभर जागर असतो. घरधनी गेला असेल तर अंगणात मागेंगा, म्हणजे मोठी शेकोटी पेटते. तेरो बुरू हा भावकीचा विधी. पुरुष गुरं हाकत, काठ्या-भाले परजत, आरडाओरडा करत मृत्यूला शिवेबाहेर पिटाळतात. मग मांडवात चर्चची उपासना, भाषणं, प्रवचन, शेवटी माती. पुरुषाची कबर घराच्या उजव्या अंगाला, बाईची डाव्या. दारात उभं राहून फाटकाकडे तोंड केलं की तो उजवा हात.

बिघडतं ते वेळेवरून. तेरो बुरू असेल तर काही पेंटेकोस्टल पाळक यायलाच नकार देतात. म्हणून शहाणी भावकी गुरांचा विधी पाळक यायच्या आत उरकते. कुटुंब ॲडव्हेंटिस्ट असेल तर शनिवार धरू नये, तो त्यांचा शब्बाथ. मांडवात शिरल्यावर आधी चवरी हातात घेतलेल्या जादुओंगला नमस्कार करावा, मग पाळकांना. हा क्रम उलटला तर कोणी बोलून दाखवत नाही, पण लक्षात ठेवतात.

दोन बायका असलेल्या जादुओंगला जुन्या मिशन चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर-द्राक्षरसाचा प्रसाद, मिळत नसे. अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने 1988 मध्ये, पुढे लग्न न करण्याच्या अटीवर, अशा पुरुषांना बायकांसह बाप्तिस्म्याची वाट मोकळी केली. तोवर कितीतरी जण लुओंच्या स्वतःच्या चर्चमध्ये गेले होते. योहाना ओवालोंची नोमिया पहिल्या महायुद्धाच्या आधीची, सिमेओ ओंदेतोंची लेजिओ मारिया साठीच्या दशकातली. बोंडोच्या रस्त्यावर किसुमूपासून साधारण 29 किलोमीटरवर कित मिकायी, म्हणजे ‘पहिल्या बायकोचा खडक’ आहे. एक म्हातारा रोज तिथल्या कपारीत जाऊन बसायचा आणि त्याची बायको म्हणायची, ‘गेले पहिलीकडे’. त्याच कपारीत लेजिओ मारियाचे भाविक प्रार्थनेला बसतात. त्यांच्या मेणबत्त्या पायदळी येणार नाहीत एवढं बघावं.

सगळ्यात अवघड गाठ विधवेची. रूढीप्रमाणे दिराने किंवा भावकीतल्या कुणी तिला ठेवून घ्यायचं, त्याला तेरो म्हणतात. चर्चचा याला ठाम विरोध, आणि तो रास्तच आहे. पण विधी झाला नाही तर घर दुरुस्त करायला, बी पेरायला भावकी आडकाठी करते. मग काही ठिकाणी जोदोंगो मधला मार्ग काढतात. एखाद्या पुरुषाचा कोट रात्रभर तिच्या घरात टांगून ठेवायचा. सकाळी कोट परत जातो, आणि बाई शेतावर जायला मोकळी होते.