‘बघते’ म्हणाले

आमच्या संस्थेच्या एका देणगीदाराला फोनवर मी ‘बघते’ म्हणाले. दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. एका मुलामागे एक मेंटर, म्हणजे त्याला नियमित भेटणारा मोठा माणूस, तोही वर्षभर कशाला? तीन महिन्यांत उरका, तेवढ्याच पैशांत चौपट मुलं होतील. आणि या जोड्या सांभाळणाऱ्या कोऑर्डिनेटरचा पगार मागू नका, वह्या-दप्तरं मागा. मी म्हणाले, ‘बघते.’

नाही कसं म्हणणार? खात्यात किती उरलेत ते मलाच ठाऊक. लोकांपुढे हात पसरून पसरून माझा आवाजसुद्धा बदललाय असं वाटतं. घरी कुणाला सांगावं तर... जाऊ दे.

पण मला माहीत होतं ना! ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या संशोधकांचा मेंटरिंगवरचा २००२चा अभ्यास प्रशिक्षणात मीच सांगते. मेंटर आणि मुलाची जोडी वर्षभर टिकली तर मुलांना सगळ्यात जास्त फायदा. तीन महिन्यांच्या आत तुटली तर मूल स्वतःला आधीपेक्षाही कमी लेखायला लागतं. हे माहीत असून ‘बघते’?

मागच्या वर्षीचा तो मुलगा आठवतोय. पहिले दोन महिने तोंडातून शब्द नाही. पेनचं टोपण काढायचं, लावायचं. टक्, टक्. त्याचा मेंटर दादा समोर नुसता बसून राहायचा. अकराव्या आठवड्यात मान खाली घालूनच त्याने विचारलं, ‘पुढच्या वेळी पण येणार का तुम्ही?’ तीन महिन्यांचाच हिशेब असता तर त्यानंतर दोन भेटी उरल्या असत्या. दोन.

१९०४ साली न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातल्या अर्नेस्ट कूल्टर या कारकुनाने हेच मागितलं होतं, एका मुलामागे एक माणूस. आमच्याकडे तो माणूस नीट पारखून घ्यावा लागतो, त्याला तयार करावं लागतं, दर महिन्याला फोन करून ‘भेट झाली का, काही अडलंय का’ विचारावं लागतं. हेच कोऑर्डिनेटरचं काम. पैसा लागतो तो याला. फोटोत यातलं काही येत नाही, म्हणून द्यायला कुणी पटकन तयार होत नाही. त्यांचाही राग नाही आता. त्यांना हे मीच कधी धड सांगितलेलं नाही.

रात्री त्यांना मेल लिहिला. मुलं कमी घेऊ, वर्ष कमी करणार नाही. पैसे कदाचित येणार नाहीत, मग दुसरं दार. कोऑर्डिनेटरचा पगार यावेळी पहिल्याच ओळीत टाकलाय.