पेटी नको, पाने घ्या

नवी सायकल घेतली की आठवडाभरात मोबाइलवर सायकल दुरुस्तीच्या अवजारांची एक निळी पेटी दिसायला लागते. आत तीस-चाळीस वस्तू, प्रत्येकीसाठी फोममध्ये बरोब्बर तिच्या मापाचा खड्डा. दिसते फार गोड. माझं मत विचाराल तर घेऊ नका. त्यातल्या निम्म्या वस्तू तुमच्या सायकलला लागूच होत नाहीत, आणि ज्या रोज लागतात त्यांचंच पोलाद नेमकं मऊ निघतं.

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात क्वालिटीत काम करते. दिवसभर हातात बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर नाहीतर मायक्रोमीटर. त्यामुळे अवजारांच्या बाबतीत मी जरा खडूस आहे, हे आधीच सांगून टाकते.

घरात सायकली तीन. माझी हायब्रिड, मुलाची गिअरवाली आणि आबांची, म्हणजे सासऱ्यांची, काळी बावीस इंची. आबांच्या सायकलला क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, धरणारी कॉटर पिन, दांड्यांचे ब्रेक आणि जुन्या पद्धतीचा व्हॉल्व. माझीला डिस्क ब्रेक. एकीचं अवजार दुसरीला चालेल तर शपथ. म्हणून खरेदीआधी मी वही घेऊन तिन्ही सायकलींभोवती फिरले आणि कुठे कोणता बोल्ट आहे ते लिहून काढलं. माझ्या सायकलचं जवळजवळ सगळं काम ४, ५ आणि ६ मिमीच्या एलन कीमध्ये, म्हणजे षटकोनी चावीत, आटोपतं. बारीकसारीक स्क्रूंना २.५ आणि ३, क्रँकला ८, आणि डिस्कच्या बोल्टना चांदणीच्या खाचेची टी-२५. झाली यादी. तुमची यादी वेगळी निघेल, आणि निळ्या पेटीवाल्याला ती कधीच माहीत नसते.

एलन कीच्या सेटवर मात्र पैसे वाचवू नका. मऊ की खाचेत फिरली की बोल्ट गोल होतो, आणि मग तो काढायला ड्रिल लागतं. नाशिककराला तर यासाठी लांब जायलाच नको, टपारियाचा कारखाना त्र्यंबक रोडला सातपूर एमआयडीसीत आहे. देशभरातले मेकॅनिक जे पाने वापरतात त्यांच्यावर पत्ता आपल्या गावचा, आणि आपण चीनहून पार्सल मागवून बसतो! एलन कीची गोल तोंडाची लांब बाजू तिरकी घालून पटपट फिरवायला असते, पण शेवटचा पीळ आखूड, सरळ बाजूनेच द्यायचा.

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरचा सायकलवाला उत्तम कारागीर आहे. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना तो रिमजवळ नुसता अंगठा धरतो आणि कुठल्या तारेला किती पीळ द्यायचा ते त्याला कळतं. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. त्यानंतर आमच्या भागात रविवारी सकाळी हेल्मेटवाल्या सायकली भराभर वाढल्या. दुकानातली अवजारं मात्र तीच राहिली, फिरता पाना, हातोडा, छिन्नी. आबांच्या सायकलला ती पुरतात. माझ्या सायकलच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, तेरा आणि पंधराचे पातळ ‘कोन’ पाने लागतात, साधारण दोन मिलिमीटर जाडीचे. साधा पाना तिथे शिरतच नाही. घरी अवजारं जमवायला लागले ती यामुळे. चाकाचं काम अजूनही मी त्याच्याकडेच शिकते.

चाकाच्या तारा घट्ट-सैल करायच्या चावीबद्दल एक सांगायचं राहिलं. सगळ्या मापांच्या खाचा असलेली गोल चकती बाजारात मिळते, ती नको. निपलची, म्हणजे तारेच्या टोकाच्या नटाची, मापं ३.२३, ३.३० आणि ३.४५ मिमी अशी अगदी जवळजवळची असतात. फरक डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळत नाही, पण सैल चावी निपलचे कोपरे खाते. व्हर्निअरने मोजा आणि आपल्या मापाची एकच चावी घ्या. एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नका.

आबांना माझा हा सगळा पसारा म्हणजे श्रीमंतीचे चोचले वाटतात. “अगं, आम्ही एका पान्यात सिन्नरपर्यंत जाऊन यायचो.” मी म्हटलं, “आबा, तुमच्या सायकलला नटच मोजून दहा-बारा होते.” पण पायडल काढायची वेळ आली तेव्हा माझ्याआधी तेच बोलले, “डावं उलटं फिरव.” डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवता चालवता ते आपोआप सैल होत गेलं असतं. क्रँक ज्यावर फिरतो त्या खालच्या एक्सलच्या कपांची गंमत आणखी वेगळी. नेहमीच्या इंग्लिश आट्यांच्या फ्रेममध्ये तिथे उजवी बाजू उलटी. मी या दोन्ही गोष्टी मार्करने पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवल्यात. जोर लावताना माणसाला दिशा आठवत नाही.

पायडलला पंधराचा पाना लागतो. हार्डवेअरच्या दुकानातला बहुधा जाड निघतो, पायडल आणि क्रँकच्या मधल्या फटीत बसत नाही. आमच्या टूलरूममधल्या एका दादांनी मला तो ग्राइंडरवर घासून पातळ करून दिला, मध्ये मध्ये पाण्यात बुडवत, पोलाद निळं पडू न देता. एमआयडीसीच्या गावात राहायचा फायदा हा असा. मुलाची सायकल जुन्या फ्रेमवर नव्याने बांधली तेव्हा हेडसेटचे, म्हणजे हँडलखालच्या बेअरिंगचे, कप दाबून बसवायचे होते. त्याचा प्रेस खूप महाग, आणि आयुष्यात दोनदा लागणार. एक थ्रेडेड रॉड, दोन नट, जाड वॉशर आणि लेथवर नायलॉनचे वळवून घेतलेले दोन बुश, एवढ्यावर काम झालं. कप तिरका शिरतोय असं वाटलं की लगेच उलटं फिरवून पुन्हा सरळ धरायचा, हातोड्याला शिवायचंसुद्धा नाही.

काही वस्तूंना मात्र असा घरगुती पर्याय नाही. चेन तोडायचं अवजार, कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाच्या, लॉकरिंगचा सॉकेट आणि तो फिरवताना कॅसेट धरून ठेवायला चेनचा तुकडा लावलेली पट्टी, चौकोनी एक्सलवरून क्रँक ओढून काढायचा पुलर. यातलं प्रत्येक मी ते काम समोर उभं राहिलं तेव्हाच घेतलं. पुलरचे आटे क्रँकमध्ये पूर्ण आत गेलेत का, हे हाताने फिरवून बघितल्याशिवाय पाना लावायचा नाही. ॲल्युमिनियमचे आटे गेले की क्रँकच गेला.

चेन किती झिजली ते बघायला वेगळं गेज विकत मिळतं. मी पोलादी फूटपट्टी वापरते. चेनचा पिच, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर, अर्धा इंच, त्यामुळे नव्या चेनमध्ये एका पिनेच्या मध्यापासून मोजलं की बारा इंचांवर पुन्हा पिनच येते. ती पिन एक सोळांश इंच पुढे सरकली की चेन अर्धा टक्का लांबली. अकरा-बारा गिअरवाल्यांनी इथेच बदलावी, आठ-नऊवाल्यांना थोडी सवलत आहे. पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला गेलं की बारीक कच चेनला चिकटते, आणि तेल जास्त असेल तर तिचीच पॉलिश पेस्ट तयार होते. म्हणून आधी डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसायचं, मग कोरडी चिंधी, मग प्रत्येक कडीला एक थेंब आणि वरचं तेल पुसून टाकायचं. डिझेल आणि तेलाचा हात डिस्कला लावायचा नाही. ब्रेक पॅडने तेल प्यायलं की तो गेलाच म्हणायचा. डिस्कची जाडी मी अर्थातच मोजते. शिमानोची नवी असताना १.८ मिमी असते, १.५ वर बदलायची.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा पाना, चैनीची वस्तू आहे असं म्हणणारे बरेच भेटतात. स्टेमच्या, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या, बोल्टना साधारण ५ न्यूटन मीटर लागतात, आकडा बहुतेक स्टेमवर छापलेलाच असतो. कामाच्या सवयीने माझा हात बराच बरोबर अंदाज देतो, पण कार्बनच्या हँडलवर अंदाजाने जोर लावायला माझं मन धजत नाही. रेंच वापरून झाला की स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची.

स्टँड मी घेतलेला नाही. गॅलरीत झोपाळ्याच्या कड्या आहेत. झोपाळा काढायचा आणि दोन दोऱ्यांनी सायकल टांगायची, एक सीटखाली, एक हँडलला. चाक डोळ्यांसमोर येतं, कंबर वाकवावी लागत नाही. यावर घरात कुरकुर आहे, कारण आबांचा दुपारचा चहा झोपाळ्यावर असतो. त्यामुळे माझं गॅरेज रविवारी चारच्या आत आवरावं लागतं. शिकंजा (व्हाइस) गॅलरीच्या कोपऱ्यातल्या जुन्या टेबलाला बोल्टने कायमचा बसवलाय. तोही आबांनीच अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून आणलेला. २०१७ मध्ये महापालिकेने तो बाजार हटवला, त्याच्या आधीचा. जबड्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाकवून लावल्या की एक्सलला ओरखडा पडत नाही.

हबमधले छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, बेअरिंगच्या दुकानातून सुटे घ्या आणि जुने पुन्हा घालू नका. मागच्या हबमध्ये बहुधा पाव इंची असतात, दर बाजूला नऊ. उघडताना खाली ताट ठेवा, स्टीलचं, काठाचं. आमच्याकडे त्यासाठी एक ताट वेगळं काढलंय, त्याला ग्रीसचा वास येतो म्हणून ते स्वयंपाकघरात परत घेत नाहीत.

आणि सगळ्यात पहिली खरेदी काय, असं ऑफिसमधल्या मुली विचारतात. पाना नव्हे. हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप. निम्म्या तक्रारी हवा कमी असल्याच्याच असतात.