रोमन अक्षरांतली प्रार्थना

गेल्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात सातवीतली एक मुलगी प्रभूची प्रार्थना म्हणायला उभी राहिली. हातात फोन. पाठ नसेल म्हणून मी जवळ जाऊन पाहिलं, तर प्रार्थना मराठीच, पण लिहिलेली रोमन अक्षरांत. ‘क्षमा’पाशी ती अडखळली आणि ‘कशमा’ म्हणाली. वर्ग हसला. मला हसू आलं नाही. माझ्या दोन्ही मुलांना इंग्रजी माध्यमात मीच घातलंय.

आमच्या वसईत मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, पूर्वापार चालत आलीय असं या मुलांना वाटतं. कुठली पूर्वापार! माझ्या आजीने अर्धं आयुष्य लॅटिन मिस्सा ऐकली. फादरांची पाठ लोकांकडे. ते ‘दोमिनुस वोबिस्कुम’ म्हणाले की सगळ्यांबरोबर हीसुद्धा ‘एत कुम स्पिरितु तुओ’ पुटपुटायची आणि पुन्हा रोझरीचे मणी ओढायला लागायची. अर्थ विचारला तर म्हणायची, देवाला कळतो ना, बस्स. दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, १९६२ ते १९६५ या काळात झाली आणि त्यानंतर वेदीवर मराठी आली. गंमत अशी, की तीही आजीची भाषा नव्हेच. घरी आम्ही कादोडी, ही आमची वसईची बोली, बोलतो. पुस्तकी मराठी तिला चर्चमध्येच भेटली, आणि ती तिने आपलीशी केली.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुवार्ता’ मासिक चालवलं ते याच मराठीत. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून काहींनी विरोध केला. इथे आम्ही केवढे चिडलो होतो! २०२४ मध्ये फादर गेले. त्यांचं लिखाण वाचू शकेल असं पोर आज माझ्या वर्गात शोधावं लागतं, पण त्यावर चिडायला कोणाला वेळ नाही.

चर्चपुढची आव्हानं हा विषय बैठकीत निघाला की मोबाईल, परदेशी गेलेली मुलं, फादर व्हायला सेमिनरीत कोणी जात नाही, एवढं सगळं येतं. मग चहा येतो. भाषेवर कोणी बोललंच तर इंग्रजी मिस्सा वाढवा एवढंच. सकाळच्या मराठी मिस्सेला मी पहिलं वाचन करते. समोर पाहिलं की पांढरे केसच जास्त. लोकांना कळेल त्या भाषेत उपासना व्हावी, याच कारणाने तर मराठी आली. मग आज इंग्रजीला नाही कोणत्या तोंडाने म्हणू?

वर्ग सुटल्यावर तीच मुलगी फाटकाशी आजीची वाट बघत होती. आजी दिसताच धावली आणि शाळा, फोन, भूक, सगळं एका दमात कादोडीत सांगून टाकलं. एकही शब्द अडला नाही.

या रविवारी मी फळ्यावर प्रार्थना दोनदा लिहिणार आहे. डावीकडे देवनागरीत, उजवीकडे रोमन अक्षरांत. सिस्टरांना अजून सांगितलेलं नाही.