नकाराची कारणे

पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी तुलनात्मक घटनात्मक कायदा हा विषय निवडला, तेव्हा वेगवेगळ्या देशांच्या राज्यघटना शेजारी शेजारी ठेवून त्यांतील साम्य आणि भेद टिपणे म्हणजेच तुलना, अशी माझी समजूत होती. पहिला निबंध मी त्याच समजुतीने लिहिला. पाच देशांच्या घटनांमधील जीविताच्या हक्काच्या तरतुदी एका तक्त्यात मांडल्या, कोणत्या घटनेत कोणते शब्द आहेत आणि कोणते नाहीत हे रकान्यांत भरले आणि शेवटी दोन परिच्छेदांचा निष्कर्ष जोडला. प्राध्यापकांनी खाली एकच ओळ लिहून तो परत केला: मांडणी झाली आहे, तुलना अजून व्हायची आहे. या वाक्याचा अर्थ उमगायला मला जवळजवळ एक सत्र लागले.

तो उमगला भारतीय राज्यघटनेतील जीविताच्या हक्काच्या अनुच्छेद २१ मुळे. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिकेत गेले असता तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याशी त्यांची चर्चा झाली. ‘ड्यू प्रोसेस’ (कायद्याची योग्य, न्याय्य प्रक्रिया) या अमेरिकी घटनेतील शब्दप्रयोगामुळे निवडून आलेल्या विधिमंडळाचे कायदे रद्द करण्याची फार मोठी सत्ता न्यायालयांच्या हाती जाते आणि ते लोकशाहीला धरून नाही, असे फ्रँकफर्टर यांचे मत होते. पुढे मसुद्यातून तो शब्दप्रयोग गेला आणि जपानच्या १९४६ च्या घटनेतील अनुच्छेद ३१ च्या धर्तीवर ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द आले. १९५० मध्ये ए. के. गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ते शब्दशः वाचले. कायदा अस्तित्वात आहे आणि त्यातील कार्यपद्धती पाळली गेली आहे, एवढे दिसले की तो कायदा न्याय्य आहे का, हे न्यायालयाने पाहण्याचे कारण उरत नव्हते. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात त्याच न्यायालयाने ही कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी असलीच पाहिजे असे म्हटले. म्हणजे जो अर्थ टाळण्यासाठी शब्द बदलले होते, जवळपास तोच अर्थ २८ वर्षांनी त्या बदललेल्या शब्दांतून काढला गेला. माझ्या तक्त्यात भारत आणि जपान ‘समान शब्दरचना’ या रकान्यात एकत्र बसले होते. ती नोंद चुकीची नव्हती, पण तिच्यातून यापैकी काहीही कळत नव्हते.

दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाचा जून १९९५ मधील मक्वान्याने निकाल मी यानंतर वाचला आणि या विषयाबद्दलची माझी ओढ त्या निकालपत्राने पक्की केली. अकरा न्यायमूर्तींनी एकमताने खुनासाठीची फाशीची शिक्षा घटनाबाह्य ठरवली. तत्कालीन अंतरिम घटनेने न्यायालयाला परदेशी निकाल विचारात घेण्याची मुभा दिली होती, सक्ती केली नव्हती. न्यायालयाचे अध्यक्ष आर्थर चॅस्कलसन यांनी अमेरिका, हंगेरी, भारत अशा अनेक ठिकाणचे निकाल वाचले, आणि फाशी वैध ठरवणारा बच्चन सिंग खटल्याचा १९८० चा भारतीय निकाल टाळून पुढे न जाता त्याला थेट उत्तर दिले. भारतीय घटना कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीनुसार जीवित हिरावून घेण्याची शक्यता शब्दांतच गृहीत धरते, आमच्या घटनेत मात्र जीविताचा हक्क अशा कोणत्याही अटीविना दिलेला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. परक्या निकालाचा मान राखून, तो पूर्ण समजून घेऊन, तो आपल्याला का लागू होत नाही हे इतक्या स्वच्छपणे सांगता येते, हे मी प्रथमच पाहत होते. आपल्याला हवा असलेला निष्कर्ष देणारे चार परदेशी निकाल वेचून काढणे सोपे असते, आणि वकिलांच्या युक्तिवादात व न्यायमूर्तींच्या लेखनातही ते घडते. विरोधात जाणारा निकाल अभ्यासकाने किंवा न्यायालयाने कसा हाताळला आहे, यावरून मी आता त्या लेखनाचे मोल ठरवते.

तेव्हापासून स्वीकारापेक्षा नकाराची कारणे मी अधिक बारकाईने वाचू लागले, आणि प्रबंधासाठी निवडलेला विषयही त्यातूनच आला: घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धान्त, म्हणजे घटनेच्या गाभ्याला घटनादुरुस्तीनेही हात लावता येत नाही हा विचार. त्याचे एक मूळ जर्मनीत आहे. १९१९ च्या वायमार घटनेत दोन तृतीयांश बहुमताने जवळजवळ काहीही बदलता येत असे, आणि मार्च १९३३ मध्ये हिटलरच्या सरकारला कायदे करण्याची मोकळीक देणारा कायदा त्याच वाटेने संमत झाला. या अनुभवातून १९४९ च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे जर्मनीच्या नव्या घटनेत, अनुच्छेद ७९(३) आला. मानवी प्रतिष्ठा, लोकशाही आणि संघराज्याची तत्त्वे यांना कोणत्याही घटनादुरुस्तीने हात लावता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. डीट्रिश कॉनराड या जर्मन अभ्यासकांनी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात दुरुस्तीच्या अधिकाराच्या अंगभूत मर्यादांवर व्याख्यान दिले. त्यातला विचार संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकारावरील गोलकनाथ खटल्याच्या युक्तिवादात पोचला आणि २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा मतांनी मूलभूत चौकटीचा सिद्धान्त मांडला, त्या पीठातील न्या. खन्ना यांच्या निकालपत्रात कॉनराड यांचा उल्लेखही आहे.

जर्मनीत ही मर्यादा घटनेच्या मजकुरात आहे, पण तिच्या आधारे तेथील घटनात्मक न्यायालयाने आजवर एकही घटनादुरुस्ती रद्द केलेली नाही. भारतात मजकुरात तिचा मागमूस नाही, आणि तरीही १९७५, १९८० आणि २०१५ मध्ये तिच्या आधारे दुरुस्त्या रद्द झाल्या. असे का व्हावे, या प्रश्नाने मला फार दिवस बेचैन ठेवले, आणि याचे सरळ उत्तर आहे असे मला अजूनही वाटत नाही.

केनियाचा नकार मात्र मला स्पष्ट वाटला. तेथील उच्च न्यायालयाने आणि अपील न्यायालयाने २०२१ मध्ये हा सिद्धान्त स्वीकारला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने ३१ मार्च २०२२ रोजी तो केनियाला लागू नसल्याचे ठरवले. २०१० च्या घटनेतच दुरुस्तीच्या दोन पायऱ्या आहेत. घटनेचे सर्वोच्च स्थान, हक्कांचा जाहीरनामा, न्यायव्यवस्थेचे स्वातंत्र्य अशा ठरावीक बाबींना हात लावायचा तर सार्वमत घ्यावेच लागते. जिथे गाभ्याचे रक्षण घटनेनेच लोकांवर सोपवले आहे, तिथे न्यायालयाने वेगळी भिंत उभारण्याची गरज नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. ज्या दुरुस्ती विधेयकावरून हा खटला उभा राहिला, ते त्यातून वाचले मात्र नाही; लोकांसाठी राखलेल्या मार्गाने राष्ट्राध्यक्षांना दुरुस्ती सुरू करता येत नाही, या वेगळ्या कारणाने ते पडले. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानेही १९८७ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीच्या वेळी हा सिद्धान्त नाकारला, आणि त्या घटनेतही काही तरतुदींसाठी सार्वमताची अट आहे. भारतात तशी अट कुठेच नाही. तेव्हा सार्वमताची तरतूद असलेल्या देशांत हा सिद्धान्त रुजत नाही, असे विधान मी प्रबंधाच्या आराखड्यात मोठ्या विश्वासाने लिहिले.

बांगलादेशाने ते टिकू दिले नाही. तेथे १९८९ मध्ये आठव्या घटनादुरुस्तीच्या खटल्यात ढाक्याबाहेर उच्च न्यायालयाची कायमस्वरूपी पीठे नेमणारी तरतूद याच सिद्धान्ताच्या आधारे रद्द झाली, आणि त्या वेळी घटनादुरुस्तीची पद्धत सांगणाऱ्या अनुच्छेद १४२ मध्ये काही अनुच्छेदांसाठी सार्वमताची अट होती. दोन आठवडे मी त्या निकालपत्राशी झगडत होते. मग सार्वमत आवश्यक असलेल्या अनुच्छेदांची यादी पुन्हा वाचली, तेव्हा लक्षात आले की न्यायालयाच्या पीठांविषयीचा अनुच्छेद १०० तिच्यात नव्हता. न्यायालय तिथेच पुढे आले जिथे लोकांच्या मताची तरतूद नव्हती, असे म्हणता येईल का? तसे असेल तर माझे विधान मोडत नाही, अधिक नेमके होते. पण ही सोय मी माझ्या विधानाला वाचवण्यासाठी शोधते आहे की निकालपत्रात तिला खरोखर आधार आहे, हे पाहण्यासाठी मी त्यातील बहुमताची आणि विरोधी अशी सर्व मते पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतली आहेत.