वर्षअखेरची माणसं

२८ डिसेंबर, रात्री

जेवणं आटोपली, मुलं एकदाची झोपली. आई आणि मावशी आतल्या खोलीत अजून बोलताहेत. शब्द कळत नाहीत, नुसता आवाज येतोय. मला हा आवाज फार आवडतो. लहानपणी सुट्टीत याच आवाजात झोप लागायची. आज मुद्दाम लिहायला बसले आहे, कारण हे दिवस बघता बघता सरतात आणि नंतर 'सगळे जमलो होतो, छान गेलं' एवढंच आठवत राहतं.

बाबांशिवायचं हे पहिलंच वर्ष. सुट्ट्या जवळ येऊ लागल्या तशी मनात धास्ती बसली होती. घर भरलं की नसलेलं माणूस जास्तच जाणवतं. पहिल्या संध्याकाळी कुणी त्यांचं नावही काढलं नाही. आईला त्रास होईल म्हणून आम्ही गप्प, आम्हाला वाईट वाटेल म्हणून आई गप्प. शेवटी दादाच्या धाकट्यानं सरळ विचारलं, "आज्जी, आजोबांच्या खुर्चीत बसू?" आई म्हणाली, "बस की रे. त्यांच्या मांडीवर बसायचासच ना." तिथून जे बोलणं सुरू झालं ते मध्यरात्रीपर्यंत. हसलो, रडलो, दादानं त्यांच्या शिंकण्याची नक्कल केली तेव्हा आईच सगळ्यात जास्त हसली. गेलेल्या माणसाबद्दल बोलावं, मोकळेपणानं बोलावं, असं मला आता अगदी ठामपणे वाटतं. सणासुदीला तर नक्कीच.

दुसऱ्या दिवशी आईनं कपाटातून बाबांची टेलिफोन डायरी काढून माझ्या हातात दिली. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात बाबा ती घेऊन बसायचे आणि एकेकाला फोन लावायचे. मी ती कधी नीट उघडून पाहिली नव्हती. पाठीला चिकटपट्टी लावलेली, 'क'चं पान सुटून आलेलं. प्रत्येक नावापुढे नंबर आणि नंबराखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी टिपलेलं. 'गुडघ्याचं ऑपरेशन, विचारणे.' 'मुलगी नोकरीला लागली.' 'पत्नी गेली, ऑगस्ट. एकटे आहेत.' 'कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोलणे.' जुनी टीप खोडून शेजारी नवी लिहिलेली. एका नावाखाली तर इतक्या वेळा खोडलंय की कागद विरला आहे. बाबांना एवढं सगळं आपोआप लक्षात राहतं असं आम्ही समजत होतो. ते टिपून ठेवत होते. माणसं जपायला त्यांनी एवढे कष्ट घेतले, हे कळल्यावर मला त्यांच्याबद्दल आणखीनच माया दाटून आली.

मग आईनं आणि मी ठरवलं की यंदा हे फोन आपण करायचे. शुभेच्छांचे मेसेज सगळेच पाठवतात, मीही पाठवते, त्यात वाईट काही नाही. छापील शुभेच्छा काही आजच्या नाहीत. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थांकडे सुट्टीच्या दिवसांत इतकी पत्रं येऊन पडली की उत्तरं लिहायला त्यांना वेळ पुरेना. त्यांनी चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्याकडून चित्र काढून घेतलं, ते छापलं, आणि नाताळचं पहिलं विक्रीला आलेलं भेटकार्ड तयार झालं. मला त्यातलं चित्र मोलाचं वाटतं. मधोमध टेबलाभोवती घरातल्या लहानथोर पिढ्या, आणि दोन्ही बाजूंना, त्याच चौकटीत, कुणी भुकेल्याला अन्न देतंय, कुणी उघड्याला पांघरूण. वेळ वाचवायला काढलेल्या कार्डावरसुद्धा घराबाहेरच्या माणसांना जागा ठेवली होती.

फोन करायला सुरुवात केली तेव्हा धाकधूक होती. कित्येक वर्षं बोलणं नसलेल्या माणसाला एकदम काय म्हणायचं? त्याला नको असलं तर? २०२२ मध्ये पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, तो मला आठवला. आपण आपणहून चौकशी केली तर समोरच्याला किती बरं वाटेल, याचा आपला अंदाज बहुतेकदा कमीच निघतो, आणि चौकशी जितकी अनपेक्षित तितकं समोरच्याला त्याचं अप्रूप जास्त. याचा पडताळा मला पहिल्याच फोनला आला. बाबांच्या ऑफिसातले जुने सहकारी. मी नाव सांगितलं, पलीकडे शांतता, मग आतल्या दिशेनं मोठ्यानं हाक, "अगं, बाहेर ये, त्याच्या मुलीचा फोन आहे!" पुढे काय बोललो हे फारसं महत्त्वाचं नाही. मला ती हाक ऐकायला मिळाली.

काही नंबर लागलेच नाहीत. दोन-तीन ठिकाणी माणूसच उरलं नव्हतं. तिथे सूनबाईंशी किंवा मुलाशी बोललो. एकीनं विचारलं, "पुढच्या वर्षीही कराल ना?" आईनं लगेच पेन्सिल उचलली आणि त्या नावाखाली तिचं नाव लिहिलं. बाबांच्या अक्षराशेजारी आईचं गोलगोल अक्षर.

दादाच्या मोठीला शाळेत पृथ्वीचं भ्रमण शिकवलंय. काल ती सगळ्यांना समजावून सांगत होती की जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, आणि तरी उत्तर गोलार्धात थंडी असते, कारण आपली बाजू तेव्हा सूर्यापासून कललेली असते. तो साडेतेवीस अंशांचा कल म्हणजे सगळं ऋतुचक्र. तिनं संत्र्यात काडी खोचून दिव्याभोवती फिरवूनही दाखवलं. मी मात्र तिथेच अडकले. जवळ असणं वेगळं आणि तोंड वळलेलं असणं वेगळं. एका छपराखाली राहून एकमेकांकडे पाठ असलेली घरं मी पाहिली आहेत, आणि सातासमुद्रापार असूनही रोज आपल्याकडे वळलेली माणसंही.

घरात सगळं गोडीगुलाबीनं चाललंय असंही नाही. चार माणसं जमली की भांड्याला भांडं लागणारच. परवा दादा आणि मावशी जुन्या कुठल्या तरी गोष्टीवरून तासभर रुसून बसले होते. जमतं पुन्हा. त्यावर जास्त लिहीत नाही.

लिहायचं आहे ते वॉचमनकाकांबद्दल. या आठवड्यात सगळे सुट्टीवर, पण त्यांची रात्रपाळी चालूच. दवाखान्यातल्या नर्स, रेल्वेचे मोटरमन, पाणी सोडणारे, आग विझवणारे, यांच्याही सुट्ट्या अशाच दुसऱ्यांच्या सुट्टीत जातात. आज संध्याकाळी मुलांना घेऊन खाली गेले तेव्हा काका मफलर गुंडाळून उभे होते. मोबाइलवर गावाकडची नात दिसत होती, आणि ते तिला कॅमेऱ्यातून आमचं फाटक, दिवे, झाड दाखवत होते. आम्हाला पाहून त्यांनी फोन आमच्याकडे फिरवला. मग काय, आमची पोरं आणि ती नात, ओळखदेख नसताना, एकमेकांना दात पडलेले दाखवत बसली. काका इतके खुलून हसताना मी पहिल्यांदा पाहिले.

जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी २०१४ च्या त्यांच्या अभ्यासात अशाच ओळखींकडे पाहिलं होतं. तोंडओळखीच्या माणसांशी ज्या दिवशी जास्त बोलणं होतं, त्या दिवशी माणसं जास्त आनंदी असतात, असं त्यांना आढळलं. मला हे मनोमन पटतं. घरची माणसं आपली असतातच, पण वस्ती आपली वाटते ती अशा फाटकापाशी, जिन्यात, बसच्या रांगेत झालेल्या बोलण्यानं. उद्यापासून रोज खाली उतरून काकांशी जरा बोलायचं, मुलांनाही घेऊन जायचं, असं मी ठरवलंय. नातीचं नाव मी डायरीत लिहून ठेवलं. शेवटच्या पानावर जागा होती.

आतला आवाज थांबला, मावशी झोपली वाटतं. मलाही आता पडायला हवं. आत्याची गाडी पहाटे येतेय. दादा म्हणत होता, कशाला जातेस थंडीत, टॅक्सीनं येईल ती. पण आत्याला मी ओळखते. गाडी थांबायच्या आधीपासून ती दारात उभी असते आणि फलाटावर आपलं कोण आलंय ते शोधत असते. बाबा कायम जायचे. गजर लावलाय, स्वेटर बाहेर काढून ठेवलाय, आणि मघाशी धाकटा माझ्या कानात सांगून झोपलाय की त्यालाही उठवायचं.