बी.एड.चं कृती संशोधन आणि माझी उतरलेली हवा

एम.एस्सी. मॅथ्स करून बी.एड.ला आले तेव्हा वाटायचं, गणित तर येतंय, शिकवायला काय लागतं. पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापनाचे सहा-सहा मिनिटांचे पाठ झाले, पण समोर विद्यार्थी म्हणून आपल्याच मैत्रिणी, त्या बिचाऱ्या सगळी उत्तरं बरोबर देणार, त्यामुळे गैरसमज तसाच राहिला 😄

दुसऱ्या वर्षी इंटर्नशिपला साताऱ्यातली एक शाळा, सातवीचा वर्ग. कृती संशोधन कंपल्सरी होतं, म्हणजे आपल्याच वर्गातली एक अडचण घ्यायची, उपाय करायचा आणि फरक पडला का ते तपासून फाईल करायची. झेरॉक्सवाल्याकडे सिनियर्सच्या तयार फायली मिळायच्या, नाव बदला नि बाइंडिंग करा. खोटं कशाला बोलू, मीपण रेट विचारून आले होते.

पण त्याच आठवड्यात फळ्यावर 0.4 आणि 0.35 लिहून मोठी कोणती विचारलं तर जवळजवळ अख्खा वर्ग ओरडला, 0.35! का रे? तर एकजण म्हणाला, "मॅडम 35 पैसे जास्त का 4 पैसे?" आणि आदल्या दिवशी पैशांचं उदाहरण देऊन दशांश शिकवले होते मीच, पाठाच्या टाचणात छान रंगीत तक्ता काढून. रुपयात 0.4 म्हणजे 40 पैसे हे बोलायचंच राहिलं होतं.

मग विषय हाच घेतला. पूर्वचाचणीत 38 पैकी 29 मुलं चुकली. पैसे बाजूला ठेवले, व्हरांड्यात खडूने एक-एक मीटरच्या रेघा मारल्या, मुलांनी स्वतः मोजून 0.4 मीटर म्हणजे 40 सेंटीमीटर, 0.35 म्हणजे 35 अशा खुणा केल्या. (निम्मी मुलं पट्टी शून्यापासून न लावता 1 पासून लावतात, हे तेव्हा कळलं, तो वेगळाच विषय.) दोन आठवड्यांनी उत्तरचाचणी, फक्त 4 चुकले. मी हवेत. स्पायरल बाइंडिंगसुद्धा करून टाकलं.

मार्गदर्शक मॅडमनी निकालाचा तक्ता बघितलाच नाही, प्रश्नपत्रिका मागितली. म्हणाल्या, "तुझ्या प्रत्येक जोडीत कमी अंकांचीच संख्या मोठी आहे गं. एक उलटी टाकून बघ." दुसऱ्या दिवशी 0.3 आणि 0.37 दिले तर अर्धा वर्ग 0.3 म्हणाला. एक मुलगी तर समजावायलाच लागली मला, "मॅडम, दिसायला छोटी असते ती मोठी असते ना?"

झालं, हवा गेली. परत व्हरांडा, परत रेघा, यावेळी दोन्ही प्रकारच्या जोड्या, आणि तिसरी चाचणी. 11 चुकलेच. बाइंडिंग उसवून ती पानं घातली, हाताने लिहिलेली, टाईप करायला वेळच नव्हता.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी फाईल उघडून सरळ त्या 11 मुलांचे पेपर काढायला सांगितले आणि पंधरा मिनिटं आम्ही दोघं तेवढेच वाचत बसलो, रंगीत तक्त्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.